मुखातील कर्कपूर्व विकृती

मुखातील कर्कपूर्व विकृती : ओठ, गालांची आतील बाजू, हिरड्या, जीभ, जिभेखालील भाग व टाळू यांवरील श्लेष्मकलेत (ओलसर आतील अस्तरात) घडून येणाऱ्या आणि पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचा संभव निरोगी श्लेष्मकलेपेक्षा अधिक असलेल्या विकृतींना ही संज्ञा देतात. अशी प्रत्येक विकृती कर्करोगातच परिणत होते असे नाही. काही विकृती वर्षानुवर्षे आहे तशाच राहतात, काही कारण दूर होताच नाहीशा होतात, तर थोड्यांचे मारक अर्बुदात रूपांतर होते. यामुळे ‘कर्कपूर्व’ या शब्दातून सूचित होणारी अटळता टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ मधील कार्यसत्रात ‘मारकतेचा संभव असलेले मुखविकार’ अशा अर्थाची संज्ञा सुचविण्यात आली व ती आता सर्वत्र रूढ झाली आहे. तथापि जुनी संज्ञा सुटसुटीत असल्याने येथे तीच वापरली आहे.

शरीरातील अन्य बहुतेक इंद्रियांच्या कर्करोगाची पूर्वावस्था डोळ्यांना दिसत नाही. जठर, फुप्फुस किंवा यकृत यांची तपासणी उपकरणांवाचून होत नाही. मुखाची गोष्ट निराळी आहे. पुरेसा प्रकाश, स्वच्छ बोट आणि पाच मिनिटांचा अवधी एवढ्या सामग्रीवर त्यातील धोक्याची पहिली खूण ओळखता येते. असे असूनही भारतात मुखकर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण रोग बळावल्यानंतरच रुग्णालयात येतात. याचे मुख्य कारण हे की, कर्कपूर्व विकृती सहसा दुखत नाही आणि जे दुखत नाही त्याची दखल घेण्याची रीत नाही.

व्याप्ती : २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार ओठ व मुखगुहेच्या कर्करोगाचे जगात सुमारे ३.९ लाख नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे १.४ लाख, म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक, एकट्या भारतातील होते. भारतीय पुरुषांत आढळणाऱ्या कर्करोगांत हा अग्रस्थानी आहे. त्यामागे धूररहित तंबाखू व सुपारी यांच्या सेवनाची व्यापक सवय आहे. २०१६-१७ च्या प्रौढांविषयीच्या राष्ट्रीय पाहणीत देशातील शेकडा २१ हून अधिक प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात धूररहित तंबाखू वापरीत असल्याचे आढळले.

इतिहास : जिभेवरील व गालातील पांढऱ्या चट्ट्यांचा धूम्रपानाशी व कर्करोगाशी असलेला संबंध एकोणिसाव्या शतकातच वैद्यांच्या ध्यानात आला होता. हंगेरीतील त्वचारोगतज्ज्ञ ई. श्विमर यांनी १८७७ मध्ये अशा चट्ट्यास ‘ल्युकोप्लेकिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘पांढरा’ व ‘चकती’ या अर्थाच्या शब्दांवरून ते बनलेले आहे. 

भारतात या विषयाच्या अभ्यासाला मुंबईत चांगली परंपरा लाभली. विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत आढळलेल्या, तोंड आखडून जाण्याच्या एका विकाराचे वर्णन श्वार्ट्‌झ यांनी १९५२ मध्ये केले होते. त्याच विकाराचे मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये वर्णन करून त्यास श्लेष्मकलेखालील तंतुमयता अशा अर्थाचे नाव दिले आणि पुढे तेच रूढ झाले. डेन्मार्कचे जे. जे. पिंडबोर्ग व मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी १९६६ मध्ये या विकाराची व्याख्या निश्चित केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने खेड्यापाड्यांतून घरोघर जाऊन मुखतपासणी केली. पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची त्यांची पाहणी १९६९ मध्ये व महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. या पाहण्यांमुळे तंबाखूच्या निरनिराळ्या सवयी व मुखाच्या निरनिराळ्या भागांतील विकृती यांचा संबंध प्रथमच मोठ्या लोकसंख्येत स्पष्ट झाला.

कारणे : तंबाखू, सुपारी व मद्य ही तीन प्रमुख कारणे होत. ती एकत्र आल्यास धोका केवळ त्यांच्या बेरजेइतका न राहता कितीतरी पटींनी वाढतो. तंबाखू खाण्याचे प्रकार प्रदेशपरत्वे बदलतात. चुन्यात मळलेली तंबाखू, तंबाखूचे पान, विदर्भातील खर्रा, गुजरातेत व अन्यत्र प्रचलित असलेला मावा आणि कारखान्यात तयार होणारा गुटखा हे त्यांपैकी काही होत. महाराष्ट्रात भाजलेल्या तंबाखूची पूड म्हणजे मशेरी किंवा मिश्री दातांना लावण्याची चाल विशेषतः स्त्रियांत आहे. दात घासणे हे निमित्त असले, तरी दिवसातून अनेक वेळा ती लावण्याचे व्यसन जडते. 

विकृतीची जागा सवयीवरून बरीचशी ठरते. तंबाखूची गोळी ज्या बाजूस दाबून धरली जाते, तेथील हिरडी व गाल यांमधील खोबणीत सुरकुतलेला पांढुरका चट्टा उमटतो. आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवर चुट्टा व गोव्यात धुमटी पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची चाल आढळली आहे. अशा व्यक्तींत विकृती टाळूवर होते. खालच्या ओठावरील विकृतीस दीर्घकाळ लागणारे प्रखर ऊन कारणीभूत होऊ शकते.

सुपारी ही निरुपद्रवी मुखशुद्धी होय, असा समज फार जुना आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी व तंबाखूविरहित विडा हे दोन्ही मानवात कर्करोग उत्पन्न करणारे पदार्थ म्हणून नोंदले आहेत. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी’ हे समर्थन त्यामुळे टिकत नाही.

प्रकार : (१) श्वेतचट्टा किंवा ल्युकोप्लेकिया : पुसून न निघणारा व अन्य कोणत्याही ज्ञात रोगात न बसणारा पांढरा चट्टा म्हणजे श्वेतचट्टा होय. तेथील उपकलेचा (पृष्ठभागावरील कोशिकांच्या थराचा) केराटिनयुक्त भाग जाड झाल्याने तो पांढरा दिसतो. त्याचे दोन उपप्रकार करतात. एकसारखा, सपाट, पातळ व क्वचित तडे गेलेला चट्टा तुलनेने कमी धोक्याचा असतो. पांढऱ्यात लाल ठिपके मिसळलेला, खडबडीत, गाठीदार किंवा चामखिळीसारखा चट्टा अधिक धोक्याचा असतो. क्वचित प्रसंगी अनेक जागी पसरणारा व काढला तरी पुनःपुन्हा उगवणारा चामखिळीसारखा प्रकार आढळतो. तो वयस्क स्त्रियांत अधिक असून, तंबाखूची सवय नसतानाही होतो व दीर्घकाळात त्याचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण फार मोठे आहे.

(२) लालचट्टा किंवा एरिथ्रोप्लेकिया : मखमलीसारखा, तांबडा भडक व स्पष्ट कडा असलेला हा चट्टा विरळा असला, तरी सर्वांत घातक होय. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता अशा चट्ट्यांपैकी पुष्कळांत तीव्र कोशिकाविकृती किंवा प्रत्यक्ष कर्करोग सुरू झालेला आढळतो. पांढऱ्या चट्ट्याने माणूस थोडा तरी सावध होतो. लाल चट्टा मात्र ‘तोंड आले आहे’ किंवा ‘उष्णता झाली आहे’ असे समजून सोडून दिला जातो.

(३) श्लेष्मकलेखालील तंतुमयता : हा मुख्यतः भारतीय उपखंडातील व तेथून परदेशी गेलेल्या लोकांतील सुपारीजन्य विकार आहे. सुपारीतील अ‍ॅरेकोलिनासारख्या अल्कलॉइडांमुळे कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची निर्मिती वाढते व त्याचे विघटन घटते. सुपारीतील तांब्यामुळे हे तंतू परस्परांशी अधिक घट्ट जखडले जातात. तिखट पदार्थ खाताच तोंडाची आग होणे, हे बहुधा पहिले लक्षण असते. पुढे गालांची आतील बाजू संगमरवरासारखी पांढुरकी व ताठ होते. बोटाने चाचपल्यास तिच्यात उभे पट्टे हातास लागतात. तोंड उघडणे हळूहळू कमी होते. निरोगी प्रौढाच्या वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या रुग्णास दोन, मग एक बोट घालणेही कठीण होते. गाल फुगविणे, शिट्टी वाजविणे व जीभ बाहेर काढणे जमेनासे होते. गुटख्याच्या प्रसारानंतर हा विकार शाळा-महाविद्यालयांतील मुलांतही दिसू लागला आहे.

(४) अन्य विकृती : दोन्ही गालांत जाळीसारख्या पांढऱ्या रेषा उमटविणारा लायकेन प्लॅनस हा विकार, पेटते टोक तोंडात ठेवून धूम्रपान करणाऱ्यांच्या टाळूवरील विकृती आणि उन्हामुळे होणारी ओठाची विकृती यांचा या गटात समावेश होतो.

कर्करोगात रूपांतर : रूपांतराचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळे आढळते, कारण रुग्णांची निवड व पाठपुराव्याचा काळ सारखा नसतो. स्थूलमानाने सर्व श्वेतचट्ट्यांपैकी शेकडा १० च्या आसपास, लालचट्ट्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश व लायकेन प्लॅनसपैकी शेकडा १ च्या जवळपास विकृती पुढे कर्करोगात परिणत होतात. तंतुमयतेबाबत हा आकडा बहुतेक अभ्यासांत शेकडा ४ ते ८ यांदरम्यान येतो. 

चट्टा जिभेच्या कडेवर किंवा जिभेखाली असणे, आकाराने मोठा (२०० चौ.मिमी.हून अधिक) असणे, त्यात लाल वा खडबडीत भाग असणे व सूक्ष्मदर्शकीय परीक्षेत कोशिकाविकृती आढळणे या गोष्टी धोका वाढवितात. तंबाखूची कोणतीही सवय नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात उद्भवलेला चट्टाही कमी धोक्याचा मानू नये. उलट, दूर करण्याजोगे कारण नसल्याने त्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

निदान : तपासणीपूर्वी कृत्रिम दात काढून ठेवावेत. चांगल्या प्रकाशात ओठांची आतील बाजू, दोन्ही गाल, हिरड्या व त्यांलगतची खोबण, जिभेचा पृष्ठभाग, दोन्ही कडा व खालील बाजू, मुखाचा तळ, टाळू आणि पडजिभेलगतचा भाग असा ठराविक क्रम पाळावा. जिभेचे टोक कापडाच्या तुकड्यात धरून जीभ दोन्ही बाजूंस वळविल्याखेरीज तिच्या मागील कडा दिसत नाहीत. संशयित जागा बोटाने चाचपून पाहावी. कठीणपणा लागल्यास तो कर्करोगाचा सूचक असू शकतो. शेवटी जबड्याखाली व मानेत गाठी आहेत काय हे पाहावे. घरच्या घरी आरशासमोरही ही पाहणी करता येते, मात्र ती वैद्याच्या तपासणीचा पर्याय नव्हे.

सर्वच पांढरे चट्टे कर्कपूर्व नसतात. कवकसंसर्गाचा पापुद्रा पुसला असता निघून येतो. तुटक्या दाताच्या धारेने किंवा न बसणाऱ्या कवळीने घासून झालेला चट्टा ती धार काढताच बरा होतो. म्हणून प्रथम असे स्थानिक कारण दूर करून दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. या अवधीत बरा न होणारा चट्टा किंवा व्रण, मग तो दुखत असो वा नसो, पुढील परीक्षेस पात्र ठरतो. लाल किंवा गाठीदार विकृतीबाबत मात्र वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

निश्चित निदान जीवोतक परीक्षेने होते. स्थानिक बधिरीकरण करून विकृत ऊतकाचा लहान तुकडा काढतात व सूक्ष्मदर्शकाने तपासतात. उपकलेतील कोशिकांचे आकार व रचना बिघडली असेल, तर त्या स्थितीस डिसप्लेसिया म्हणतात. ही विकृती उपकलेच्या तळाकडील एक-तृतीयांश भागापुरती असल्यास सौम्य, मध्यापर्यंत पोहोचल्यास मध्यम व त्याहून वर गेल्यास तीव्र मानतात. मोठ्या किंवा मिश्र चट्ट्यात सर्वांत संशयित, म्हणजे लाल, खडबडीत वा व्रणयुक्त, जागेचा तुकडा घेणे महत्त्वाचे असते. चुकीच्या जागेचा तुकडा खोटा दिलासा देतो. 

टोल्युइडीन ब्लू हा रंग विकृतीवर लावल्यास न्यूक्लिइक अम्लांचे प्रमाण अधिक असलेले भाग गडद निळे होतात व तुकडा कोठून घ्यावा हे ठरविण्यास मदत होते. तथापि साधा दाहयुक्त व्रणही हा रंग धरतो. मृदू ब्रशाने खरवडून घेतलेल्या कोशिकांची परीक्षा व विशिष्ट प्रकाशात ऊतकाचे प्रस्फुरण पाहणे या पद्धतीही साहाय्यक आहेत. त्यांपैकी कोणतीही जीवोतक परीक्षेची जागा घेऊ शकत नाही.

‘गाठीला शस्त्र लावले की रोग चिघळतो’ या समजुतीने अनेक रुग्ण तुकडा काढू देत नाहीत. मुखातील अशा परीक्षेमुळे साध्या चट्ट्याचा कर्करोग बनत नाही. परीक्षेनंतर ज्या रोगाचे नाव कळते, तो परीक्षेपूर्वीपासूनच तेथे असतो. परीक्षा टाळल्याने गमावला जातो तो केवळ उपचाराचा काळ.

उपचार : पहिला व सर्वांत महत्त्वाचा उपचार म्हणजे सवय सोडणे. तंबाखू बंद केल्यावर अनेक श्वेतचट्टे काही आठवड्यांत ते महिन्यांत फिके होतात किंवा नाहीसे होतात. केवळ उपदेश सहसा पुरत नाही. वारंवार समुपदेशन, कुटुंबाचे सहकार्य व आवश्यक तेथे निकोटिनाचा पर्यायी पुरवठा यांची जोड द्यावी लागते. तीक्ष्ण दात घासून गुळगुळीत करणे, कवकसंसर्गावर औषध देणे व रक्तक्षय असल्यास लोह व जीवनसत्त्वे देणे हेही प्रारंभीच्या उपचारांत येते.

मध्यम किंवा तीव्र डिसप्लेसिया असलेली विकृती तसेच लालचट्टा शस्त्रक्रियेने काढून टाकतात. छेदनासाठी सुरी किंवा कार्बन डाय-ऑक्साइड लेसर वापरतात. काढलेला संपूर्ण भाग सूक्ष्मदर्शकाने तपासता येणे, हा छेदनाचा मोठा लाभ होय. कारण काही वेळा लहान तुकड्यात न दिसलेला कर्करोग त्यात आढळतो. विकृती केवळ जाळून वा गोठवून नष्ट केल्यास ही संधी उरत नाही. सौम्य प्रकारातील लहान, एकसारख्या चट्ट्यावर सवय बंद करून नियमित लक्ष ठेवणेही पुरेसे ठरू शकते.

अ जीवनसत्त्व, त्याची संयुगे व बीटा कॅरोटीन यांच्या सेवनाने काही चट्टे ओसरतात, परंतु औषध थांबविल्यावर ते पुष्कळदा परत येतात आणि मोठ्या मात्रेचे दुष्परिणाम होतात. कर्करोग निश्चितपणे टाळणारे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. 

तंतुमयतेत सुपारी सोडल्याने आग कमी होते व पुढील वाढ मंदावते, पण ताठ झालेले ऊतक बहुधा पूर्ववत होत नाही. स्टेरॉइड व हायाल्युरोनिडेज यांची विकृत भागात अंतःक्षेपणे, लायकोपिनासारखी औषधे व तोंड उघडण्याचे नियमित व्यायाम यांनी काही प्रमाणात सुधारणा होते. तोंड फारच आखडल्यास पट्टे छेदून त्या जागी गालातील मेद किंवा अन्य ऊतक बसवितात. त्यानंतर कित्येक महिने व्यायाम केला नाही, तर शस्त्रक्रियेचा लाभ नाहीसा होतो.

चट्टा काढला म्हणजे धोका संपला, असे समजणे चूक ठरते. तंबाखू व सुपारी यांतील द्रव्यांचा संपर्क संपूर्ण मुखाशी आलेला असतो. त्यामुळे डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या श्लेष्मकलेतही बदल झालेले असू शकतात आणि चट्टा त्याच वा अन्य जागी पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून धोक्याच्या मानाने दर तीन ते सहा महिन्यांनी व पुढे दीर्घकाळ तपासणी चालू ठेवणे, हा उपचाराचाच भाग मानला जातो.

प्रतिबंध व सर्वेक्षण : या क्षेत्रातील दोन मोठे भारतीय प्रयोग जगभर मार्गदर्शक ठरले आहेत. तीन ग्रामीण विभागांतील ३६,४७१ तंबाखूसेवकांना सवय सोडण्याविषयी पद्धतशीर शिक्षण देण्यात आले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांनुसार सवय सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले व श्वेतचट्ट्याचे नवे रुग्ण लक्षणीय रीत्या घटले. 

केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख ९२ हजार व्यक्तींचा अभ्यास करण्यात आला. तेरा ग्रामपंचायतींपैकी सात ठिकाणी प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन डोळ्यांनी मुखतपासणी केली. हे सेवक डॉक्टर नव्हते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात शेकडा ३४ नी कमी होते. साध्या दृष्टिपरीक्षेने जीव वाचतात याचा इतका भक्कम पुरावा यापूर्वी उपलब्ध नव्हता.

याच आधारावर केंद्र शासनाच्या असंसर्गजन्य रोगनियंत्रण कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींची दर पाच वर्षांनी मुखतपासणी करण्याची तरतूद आहे. आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका व दंतवैद्य यांचा तीत सहभाग असतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांच्या उत्पादन-विक्रीवर बंदी घातली. तथापि तंबाखू व सुपारी स्वतंत्रपणे मिळत असल्याने केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही.

सारांश, मुखाचा कर्करोग बहुधा पूर्वसूचना देऊन येतो आणि ती सूचना व प्रत्यक्ष रोग यांमध्ये अनेकदा काही वर्षांचा अवकाश असतो. तीन आठवड्यांत बरा न होणारा चट्टा किंवा व्रण, तिखट न सोसणारे तोंड, दिवसेंदिवस कमी उघडणारा जबडा, न दुखणारी गाठ किंवा गिळताना व बोलताना होणारा नवा त्रास यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास दंतवैद्य किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ यांच्याकडून विनाविलंब तपासणी करून घ्यावी. या अवस्थेत उपचार बहुधा स्थानिक बधिरीकरणाखाली व अल्प खर्चात होतो. हा काळ दवडल्यास जबडा किंवा जीभ यांचा भाग काढून टाकण्याची वेळ येते आणि तेव्हाही जीविताची शाश्वती उरत नाही.